तुमची नदी कोणती?



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. गुडघे, डोळे आणि आळस अशी तीन कारणं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. पण परवा घरी एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून काही चैन पडेना. म्हटलं, लिहूनच टाकावं.

झालं असं, की आमचा एक भाचा (नाव लिहीत नाही, तो हे वाचतो!) सहलीच्या कंपनीबरोबर बोर्निओला जाऊन आला. आल्यावर सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि टीव्हीवर फोटो दाखवले. लांबलचक होडी, तपकिरी पाणी, दोन्ही काठांना हिरवंगार रान, अंगभर गोंदवलेले म्हातारे. फोटो छानच होते. शेवटी तो म्हणाला, "मावशी, काय सांगू तुला, ही माणसं हजार वर्षं त्याच नदीच्या त्याच वळणावर बसून आहेत. जग म्हणून बघितलंच नाही त्यांनी. आपण जातो, तेव्हा कुठे त्यांना जग दिसतं!"

सगळे हसले. मी गप्प बसले. चारचौघांत पोराला कशाला बोला, असं मनाशी म्हटलं. पण खरं कारण वेगळं होतं. हेच वाक्य, थोड्या बऱ्या भाषेत, मी स्वतः तीस-बत्तीस वर्षं वर्गात शिकवलं होतं.

तुमच्यापैकी काही जणांना आठवत असेल. भूगोलात विषुववृत्तीय प्रदेशाचा धडा असायचा. घनदाट अरण्य, रोज दुपारी पाऊस, रोगट हवा, आणि शेवटी लोकजीवन. तिथे मी फळ्यावर लिहायचे, 'बोर्निओ : दायाक : शिकार, मासेमारी, फिरती शेती : मागासलेले जीवन.' मग परीक्षेत 'कारणे द्या' मध्ये प्रश्न, 'विषुववृत्तीय प्रदेशातील लोकजीवन मागासलेले आहे.' उत्तर ठरलेलं, दाट अरण्यामुळे वाहतुकीच्या सोयी नाहीत, त्यामुळे बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. दोन गुण. मी शेकडो पोरांना ते दोन गुण दिले आहेत.

हे उत्तर चूक आहे. हे मला कळलं ते निवृत्तीनंतर, २०११ साली, आणि तेही एका होडीत बसून. त्यानंतर जे हाती लागलं ते वाचत गेले. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण निवृत्त माणसाला वेळेचीच काय ती श्रीमंती असते.

आधी थोडा भूगोल (सवय जात नाही!). बोर्निओ हे ग्रीनलंड आणि न्यू गिनी यांच्यानंतरचं जगातलं तिसरं मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे ७ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. त्यात तीन देश आहेत. मोठा भाग इंडोनेशियाचा, त्याला कालिमंतान म्हणतात. उत्तरेला मलेशियाची साबा आणि सारावाक ही दोन राज्यं, आणि मध्ये चिमुकला ब्रुनेई. 'दायाक' ही एक जमात नव्हे. इबान, बिदायुह, कायान, केन्याह, नगाजू असे कितीतरी वेगवेगळे समाज आणि वेगवेगळ्या भाषा या एका नावाखाली येतात. आणि या नावाचा अर्थ सांगतात तो, नदीच्या वरच्या अंगाला, आतल्या मुलखात राहणारे लोक.

म्हणजे नावातच नदी आली. आणि नद्याही कशा? कापुआस ११०० किलोमीटरहून लांब, इंडोनेशियातली सर्वांत लांब नदी. महाकाम नऊशेहून अधिक. सारावाकमधली राजांग साडेपाचशेच्या वर. शिवाय बारितो, काहायान, बाराम. बेटाच्या मधल्या डोंगरांतून या नद्या चहूकडे समुद्राला जातात. आता सांगा, 'वाहतुकीच्या सोयी नाहीत' हे मी कशाच्या आधारावर लिहीत होते? डांबरी सडक नव्हती, एवढंच. मला सडक म्हणजेच रस्ता वाटत होता.

तिथल्या गावांची नावं नकाशावर नुसती वाचत गेलं तरी हे लक्षात येतं. कायान-केन्याह मुलखात गावाचं नाव 'लोंग' ने सुरू होतं, इबान मुलखात 'नांगा' ने, नगाजू लोकांत 'तुम्बांग' ने, मलय भाषेत 'कुआला' किंवा 'मुआरा' ने. या सगळ्याचा अर्थ थोडाफार एकच, लहान नदी मोठीला मिळते ती जागा, नदीचं मुख. आपल्या भाषेत संगम! मी कऱ्हाडची. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम माझ्या रोजच्या फिरण्यातला. सगळ्या देशालाच संगमावरून नावं ठेवणारे लोक मला परके का वाटावेत?

आणि दिशा. आपण म्हणतो पूर्वेला, पश्चिमेला. तिथे मुख्य दिशा दोन, 'उलू' म्हणजे प्रवाहाच्या वर आणि 'इली' म्हणजे प्रवाहाच्या खाली. अंतरसुद्धा किलोमीटरमध्ये सांगून भागत नाही, कारण तेच अंतर खाली यायला एक दिवस आणि वर जायला तीन दिवस लागू शकतं. पाऊस झाला तर वेगळं, पाणी आटलं तर आणखी वेगळं.

तर माझी होडी. २०११ मध्ये लेक आणि जावई नोकरीनिमित्त सारावाकच्या राजधानीत, कुचिंगला होते. मी तीन महिने राहायला गेले. एका सुट्टीत त्यांनी मला बातांग आई नदीवर नेलं. कुचिंगहून गाडीने चार-पाच तास, मग धक्का, आणि तिथून होडी. अरुंद, लांबच लांब, पाण्यापासून वीतभर वर. माझ्या पोटात गोळा आला. मागे एक तरुण मुलगा इंजिन सांभाळत होता आणि पुढच्या टोकाला त्याचे वडील हातात लांब काठी घेऊन उभे होते.

सुरुवातीला मोठा जलाशय लागला. तो बातांग आईच्या धरणाचा. १९८५ मध्ये हे धरण सुरू झालं आणि सुमारे तीन हजार इबान लोकांना आपली घरं सोडावी लागली. आमच्या वाटाड्याने पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं, इथे खाली वस्त्या होत्या. मला एकदम माझा वर्ग आठवला. कोयनेच्या धरणग्रस्तांची पोरं माझ्या वर्गात असायची. 'बाई, आमचं गाव पाण्यात हाय' असं ती अगदी सहज सांगायची. हे वाक्य समुद्रापलीकडे पुन्हा ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

जलाशय संपला आणि खरी नदी सुरू झाली. पाणी उथळ, तळाशी गोटे. आणि तिथे मी त्या काठीवाल्या गृहस्थांचं काम पाहिलं. ते बोलत नव्हते. काठी डावीकडे टेकली की मुलगा होडी उजवीकडे घेई. हात जरा वर झाला की इंजिन पाण्याबाहेर. मला सगळीकडे सारखंच पाणी दिसत होतं, त्यांना त्यात वाट दिसत होती. कुठे खडक आहे, कालच्या पावसाने कुठे वाळू सरकली आहे, हे पाण्याच्या सुरकुत्यांवरून ते वाचत होते. मी आयुष्यभर वाचायला शिकवलं, पण असं वाचन पाहिलं नव्हतं. दोन ठिकाणी सगळे उतरून होडी ढकलत होते. मीही उतरायला लागले, तर त्यांनी हाताने 'बसा बसा' केलं. आजीबाईंना उतरवू नये एवढं सगळ्या मुलखात कळतं!

लांबघरात पोचलो. एका छताखाली ओळीने बिऱ्हाडं, आपल्या चाळीसारखी म्हणा ना. प्रत्येक कुटुंबाच्या खोलीला 'बिलिक' म्हणतात. सगळ्यांच्या समोरून जाणारी सामाईक, छपराखालची लांब पडवी म्हणजे 'रुआय', आणि त्याबाहेर उघडा माच, 'तान्जु', धान्य वाळवायला. पाहुण्यांना रुआयवर चटई अंथरून बसवतात. तांदळाची दारू, 'तुआक', पुढे आली. मी काही घेणारी नाही, अवघडून बसले. वाटाड्या हळूच म्हणाला, नको असेल तर नुसतं बोट लावा. पुढे केलेलं अन्न न शिवता निघून गेलं, तर वाटेत अपघात होतो अशी तिथे समजूत आहे. इबान भाषेत त्याला 'पुनी' म्हणतात. म्हणजे पाहुण्याने नाकारायला हरकत नाही, पण स्पर्श तरी करायचा. यजमानाचा मान राहतो आणि पाहुण्याचा नेमही राहतो. आपल्याकडे 'उष्टावून तरी जा' म्हणतात त्यातलंच हे.

मग घरातले सर्वांत वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. ते इबानमध्ये बोलायचे, वाटाड्या इंग्रजीत सांगायचा आणि लेक मराठीत. त्यांनी मला देश विचारला नाही, नवऱ्याची नोकरी विचारली नाही. विचारलं, "तुमची नदी कोणती?"

मी म्हटलं, कृष्णा. ते म्हणाले, तिच्या वर कोण राहतं, खाली कोण राहतं? होडीने कुठपर्यंत जाता येतं? पाणी कधी चढतं? मंडळी, मी पन्नास वर्षं कृष्णेच्या काठी राहिले. उगम महाबळेश्वरला, मुख बंगालच्या उपसागराला, लांबी सुमारे १४०० किलोमीटर, हे सगळं पाठ. पण त्या आजोबांच्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलं नाही. घाटावर कुठे पाय टेकतो आणि कुठे टेकत नाही, एवढं काय ते ठाऊक. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

त्यांच्या दोन्ही खांद्यांवर गोंदण होतं, फुलासारखं. मला वाटलं सूर्यफूल. ते वांग्याचं फूल निघालं! 'बुंगाई तेरुंग' म्हणतात त्याला. मधोमध एक वळणदार रेघ, 'ताली न्यावा', म्हणजे जीवाचा दोर. तरुण मुलगा घराबाहेर, मुलुखगिरीला निघाला की हे गोंदण करायचं, अशी रीत. त्या निघण्याला 'बेजालाय' म्हणतात. शब्दशः चालणं, प्रवास. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं दूर जायचं. रानातला माल गोळा करायचा, मजुरी करायची, नवे मुलूख बघायचे आणि काहीतरी मिळवून परत यायचं. पूर्वी चिनी मातीचे मोठे रांजण आणि पितळी घंटा आणत. ठिकठिकाणी केलेली गोंदणं अंगावर घेऊन येत, म्हणजे माणसाच्या कातडीवरच त्याचा प्रवास लिहिलेला. ही प्रथा मेलेली नाही. पुढच्या पिढीतले इबान तरुण समुद्रातल्या तेलविहिरींवर आणि परदेशातल्या गोद्यांमध्ये कामाला गेले, आणि घरचे त्यालाही बेजालायच म्हणतात.

भाच्या, आता सांग. ज्या समाजात प्रवास केल्याशिवाय मुलगा पुरता पुरुष मानला जात नाही, तो समाज एका वळणावर बसून राहिलेला कसा?

बायकांचं काय, हा प्रश्न माझ्या मनात आलाच. बेजालाय पुरुषांचं. बायका घरी, शेतात. पण इबान बायका 'पुआ कुम्बू' नावाचं कापड विणतात, सुताला आधी गाठी मारून रंगवून. त्यातल्या अवघड कामाला म्हणतात 'कायाउ इंदू', बायकांची लढाई. पुरुषाच्या मुलुखगिरीच्या तोडीचा मान. हे ऐकून बरं वाटलं. तरी शेताची निंदणी, म्हातारे आणि पोरं मागे राहणाऱ्या बाईच्याच गळ्यात, हे काही बदलत नाही. बाप्यांचा प्रवास होतो तो मागे कुणीतरी चूल पेटती ठेवते म्हणून, हे मी जाता जाता नोंदवून ठेवते.

इबान लोकांचा इतिहासच मुळी प्रवासाचा आहे. त्यांचे पूर्वज कापुआसच्या खोऱ्यातून आले. नदीने वर वर जायचं, पाणी संपलं की सामान पाठीवर घेऊन डोंगराची धार ओलांडायची, पलीकडे दुसरी नदी धरून खाली उतरायचं. असे ते बातांग आईला आले आणि पुढे पिढ्यान्पिढ्या राजांगच्या खोऱ्यापर्यंत पसरले. कोण कुठून आला, कुणाचा मुलगा, हे 'तुसुत' नावाच्या वंशावळीत तोंडपाठ असतं. आपल्याकडे हेळवी येऊन पिढ्या वाचून दाखवतो, तसं.

आणि रानातली पायवाट? पेनान लोक घ्या. (काही जण त्यांना दायाकांत धरतात, काही वेगळे मानतात.) त्यांच्यातले बरेच पूर्वी फिरते होते. पुढे गेलेला माणूस मागून येणाऱ्यासाठी काटक्या आणि पानं ठराविक पद्धतीने खोचून ठेवतो. कोणत्या दिशेला गेलो, किती लांब, पोटाला मिळालं की नाही, हे सगळं त्यात. अक्षरांशिवायचं पत्रच ते. आणि आम्ही शिकवत होतो, 'संपर्काची साधने नाहीत'!

'बाहेरच्या जगाशी संपर्क नाही' हे तर सर्वांत मोठं असत्य. महाकाम नदीकाठी मुआरा कामान इथे दगडी यूप सापडले आहेत. अंदाजे इ. स. ४०० च्या सुमारासचे, राजा मूलवर्म्याचे, त्याच्या दानाची हकिगत सांगणारे. लिपी पल्लव, भाषा शुद्ध संस्कृत! म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी त्या नदीच्या पाण्यावरून अक्षरं आत गेली होती. आणि बाहेर काय यायचं? वेत, पाखरांची घरटी, कापूर. आपला मूळचा भीमसेनी कापूर हा बोर्निओ-सुमात्राच्या अरण्यातल्या झाडाचा. तो चीनला गेला, आपल्याकडे आला. कुणीतरी दायाक माणसाने झाड शोधलं, फोडलं, पाठीवर वाहिलं, होडीत घातलं, तेव्हा तो समुद्रापर्यंत पोचला. माझ्या आजीच्या देवघरापर्यंत ज्यांचा माल येत होता, त्यांना मी 'जगापासून तुटलेले' म्हणत होते.

आता मुख्य मुद्द्यावर येते. प्रवासवर्णनं. बोर्निओवर युरोपीय लोकांनी ढीगभर लिहिलं आहे. त्यातला मोठा मान डच डॉक्टर न्यूवेनहाउस यांचा. १८९६–९७ मध्ये ते पश्चिमेच्या पोंतियानाकहून कापुआसने वर गेले, मधले डोंगर ओलांडले आणि महाकामने पूर्वेला समारिंदाला उतरले. बेट आडवं ओलांडणारे पहिले युरोपीय. त्याआधी गेओर्ग म्युलर नावाचे गृहस्थ १८२५ च्या सुमारास हाच प्रयत्न करताना मारले गेले होते. त्या डोंगरांना आज म्युलरचं नाव आहे. न्यूवेनहाउस चांगले माणूस होते, रोग्यांना औषध देत, फौजफाटा घेऊन गेले नाहीत. त्यांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही.

पण होडी वल्हवली कुणी? सामान डोंगरावरून वाहिलं कुणी? मेंदालाम नदीवरच्या कायान लोकांनी. त्यांचे प्रमुख आकाम इगाउ बरोबर होते म्हणून पलीकडच्या महाकामवरच्या कायान प्रमुखांनी दार उघडलं. दोन्हीकडच्या लोकांची ओळख आधीपासूनची होती. म्हणजे जी वाट ते लोक आधीच जाणत होते, त्या वाटेने त्यांनी एका डॉक्टरला सांभाळून पलीकडे नेलं. आणि आपण म्हणतो, डॉक्टरांनी बोर्निओ ओलांडलं! वारकऱ्यांबरोबर एखादा परदेशी पाहुणा आळंदीहून पंढरपूरला चालत गेला, तर त्याने पंढरीची वाट शोधली असं कुणी म्हणेल का?

माझं मत एवढंच आहे, की त्या मुलखात प्रवासी ते आहेत, आपण पाहुणे. 'तेमुआय' असा शब्द आहे इबानमध्ये पाहुण्याला. चांगला शब्द आहे. त्यात कमीपणा काही नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं, यजमानाला देखाव्यातलं झाड करू नये.

आणि त्यांच्या प्रवासाला नियम होते. निघताना पक्ष्यांचे शकुन पाहत. इबानांचा शकुनांचा मुख्य देव, सिंगालांग बुरुंग, घारीच्या रूपात येतो, ती म्हणजे तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार, आपल्या कोकण किनाऱ्यावर दिसते तीच. एखादा पक्षी नको त्या बाजूने ओरडला तर अख्खी मोहीम थांबे, माणसं परत फिरत. परदेशी प्रवाशांनी यावर फार चरफडून लिहिलं आहे, वेळ वाया गेला म्हणून. मी शकुन मानत नाही. (भारद्वाज दिसला की बरं वाटतं, ती गोष्ट वेगळी!) पण पूर आलेल्या नदीवर निघण्याआधी दोन दिवस थांबून रानाचा कानोसा घ्यायला लावणारी रीत मला अगदीच खुळचट वाटत नाही.

ते सगळे संत आहेत असं मुळीच म्हणणं नाही. मुंडकी आणण्याची प्रथा होती, या मोहिमांमध्ये होती, ती लपवण्यात अर्थ नाही. २००१ मध्ये मध्य कालिमंतानात दायाक आणि मदुरा बेटावरून आलेले लोक यांच्यात भयंकर दंगल झाली, त्यात शेकडो माणसं मेली. पण सहलीवाले मुंडक्यांची गोष्ट सांगतात आणि तिथेच थांबतात. पुढची गोष्ट सांगत नाहीत. १८९४ मध्ये काहायान नदीच्या वरच्या अंगाला तुम्बांग आनोई या गावी वेगवेगळ्या दायाक समाजांचे प्रमुख जमले. कित्येक नद्या उतरून, कित्येक चढून आले. दामांग बातू हे तिथले यजमान. डच सरकारचा त्यात पुढाकार होता हे खरं, पण पिढ्यांची वैरं मिटवायला बसले ते हे लोक. महिनाभराहून अधिक काळ ती बैठक चालली आणि मुंडक्यांची प्रथा बंद करायचं ठरलं. १८९९ मध्ये सारावाकमध्ये बाराम नदीवर मारुदीला अशीच तहाची सभा भरली. चार्ल्स होज या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे युद्धाच्या नावांची शर्यत लावली. ज्या होड्या कालपर्यंत एकमेकांवर चालून जात, त्याच शेजारी शेजारी धावल्या. शत्रूच्या मुलखातून, त्याच्या घराखालून जाणाऱ्या नदीने, शस्त्र न उगारता बैठकीला पोचायचं, हा प्रवास मला डोंगर ओलांडण्याहून अवघड वाटतो. तो आपल्या धड्यात कुठेच नव्हता.

आता काही जण म्हणतील, बाई, मग काय त्यांनी कायम होडीतच बसायचं? रस्ते नकोत, दवाखाने नकोत? भाच्याने हे म्हटलंच असतं. तर नाही. बाळंतिणीला पावसात होडीने नेण्यात काव्य नसतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की वरच्या गावांत होड्या पोचत नाहीत आणि तांदूळ, तेल महाग होतं. राजांगवरचं कापित हे गाव कितीतरी वर्षं फक्त नदीनेच गाठता येई. गेल्या काही वर्षांत तिथे रस्ता पोचला आणि लोकांना त्याचा आनंद झाला. माझ्या डोळ्यांना होडी सुंदर दिसते म्हणून कुणी जन्मभर वल्हं मारावं, असं म्हणणारी मी कोण?

पण रस्ता कुणासाठी, हा प्रश्न विचारायला हवा. सारावाकच्या रानात बरेच रस्ते आले ते लाकूड बाहेर न्यायला. १९८७ मध्ये पेनान लोक त्याच रस्त्यांवर आडवे उभे राहिले. राजांगच्या वरच्या अंगाला बाकुन धरण झालं, २०५ मीटर उंच. त्यासाठी सुमारे दहा हजार लोकांना १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपापल्या नद्यांवरून उठवून सुंगाई आसाप इथे बसवलं. विचारून? विचारल्यासारखं करून. पण बारामची गोष्ट वेगळी झाली. तिथल्या धरणाविरुद्ध केन्याह, कायान, पेनान गावकऱ्यांनी २०१३ पासून वाटेत ठिय्या दिला. दोन वर्षं हटले नाहीत. २०१५ मध्ये सारावाकचे मुख्यमंत्री आदेनान सातेम यांनी काम थांबवलं आणि २०१६ मध्ये धरणासाठी घेतलेली जमीन मोकळी केली. ज्यांना नदी वाचता येते, त्यांना नदीचं काय करायचं हेही ठरवता येतं. निदान त्यांना आधी विचारावं. कोयनेकाठच्या माणसांना हे मी वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी परत निघताना ते आजोबा होडीपर्यंत आले होते. म्हणाले, तुमच्या नदीच्या लोकांना आमचा निरोप सांगा. मी हो म्हटलं. इतकी वर्षं सांगायचा राहिला होता, तो आज सांगते आहे.

आणि माझे जुने विद्यार्थी इथे वाचायला येतात, त्यांच्यासाठी. पोरांनो, 'कारणे द्या' मधला तो प्रश्न चुकीचा होता आणि उत्तरही चुकीचं होतं. चूक माझी. ज्यांचे दोन गुण मी तिथे कापले, त्यांना ते आज परत दिले असं समजा. वही जपून ठेवली असेल (शक्यता कमीच!) तर दुरुस्ती करून घ्या.

भाच्या, रागावू नकोस. पुढच्या रविवारी ये, थालीपीठ करते. फोटो पुन्हा एकदा बघू. होडीच्या पुढच्या टोकाला काठी घेऊन उभा असलेला माणूस तुझ्या एका फोटोत अर्धाच आला आहे. त्याचं नाव विचारलं होतंस का, एवढं सांग.

बाकी मंडळी, तुमची नदी कोणती, आणि ती कुठे उथळ आहे, हे ठाऊक असेल तर मला जरूर कळवा. मी सध्या कृष्णेच्या घाटावर जाऊन म्हाताऱ्या कोळ्यांना विचारते आहे. ते हसतात, पण सांगतात.